बेचाळिसावं मत

मोजणीदारांनी लाल पेन्सिलीला टोक काढलं, ते अंगठ्यावर टेकवून पाहिलं आणि एकोणिसाव्या मालकाच्या मताखाली लिहिलं, ‘विषयाला सोडून.’

अठराव्याखालीही त्यांनी तेच लिहिलं होतं आणि सतराव्याखालीही. हातात फॉर्म आला की माणसं मनातलं सगळं गाठोडं सोडून बसतात, असा अनुभव त्यांना सकाळपासून येत होता. एकीनं कळवलं होतं की डिकीत सासूबाईंची चाकाची खुर्ची आणि पाण्याचे चार कॅन एकत्र मावत नाहीत, कुणा एकाला घरी ठेवावं लागतं. कुणी प्लंबर होता. त्याचं म्हणणं, पुढची सीट आडवी केली की आठ फुटी पाइप आरामात बसतो, फक्त मग बायकोला बसने यावं लागतं. एकाने एवढंच लिहिलं होतं, ‘भांडण झालं की मी गाडीत जाऊन बसतो. सीट चांगल्या आहेत.’ आणखी एका बाईंना दार लावतानाचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा वाटत होता, पण त्यांच्याकडचा पत्र्याचा डबा एकवीस वर्षं टिकला होता, त्यामुळे तक्रार नव्हती.

विचारलं काय होतं आणि लोक सांगत काय होते. मोजणीदारांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने चहाबद्दल विचारणा केली. चहा आधीच टेबलावर होता, निवत चालला होता.

गाडी तशी साधीच. चार दारं, मागे वर उचलायची डिकी, आणि दोनदा विचार केला तर मध्यमवर्गाला परवडेल अशी किंमत. मोजणीदारांची स्वतःची सोडून गावात त्या मॉडेलच्या एकेचाळीस गाड्या होत्या. हा आकडा त्यांनी गल्लोगल्ली पायी फिरून काढला होता. जमीन मोजण्यात सदतीस वर्षं घालवलेला माणूस दुसऱ्याने सांगितलेला आकडा घेत नसतो. निवृत्तीनंतरही ते दर बुधवारी मोजणी शिकवणाऱ्या संस्थेत जात. संस्थेची जीप सकाळी आठला न्यायला यायची आणि संध्याकाळी सहाला सोडायची. गावात त्यांना समोर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणत. दुसरं नाव त्यांच्या कानावर होतं आणि ते त्यांना फारसं खटकतही नव्हतं.

खटकत होता तो गाडीचा काटा.

गाडी घेतल्यानंतर वर्षभराने त्यांच्या लक्षात आलं की किलोमीटर मोजणारा काटा पळतो आहे. बाजार, वाचनालय, दवाखाना, थोरल्या भावाचं घर, एवढीच त्यांची गाडीची वाट. ही सगळी अंतरं त्यांनी मोजणीचं चाक रस्त्यावरून ढकलत स्वतः मोजली होती; भर दुपारी चाक ढकलणाऱ्या साहेबांकडे लोक गॅलरीतून बघत राहायचे. हिशेबाने आठवड्याला अठ्ठ्याण्णव किलोमीटर व्हायला हवे होते. रविवारी संध्याकाळी गाडी धुऊन झाली की ते काटा वहीत टिपायचे, आणि काटा दाखवायचा एकशे साठ. याचा अर्थ उघड होता. कंपनीने काटा मुद्दाम जलद ठेवला होता, म्हणजे गाडी ॲव्हरेज अठराचं देते असं दिसावं. प्रत्यक्षात ती देत होती अकरा. आठवड्याच्या मध्ये, गाडी नुसती उभी असताना काटा बघावा, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. उभी गाडी कुठे जाणार होती?

त्यांनी कंपनीला सहा पत्रं लिहिली. सहाव्या पत्रानंतर कंपनीने कळवलं की शनिवारी आमचा इंजिनिअर यंत्र घेऊन येईल, आपल्या गावातले सर्व मालक हजर असल्यास बरं. मग मोजणीदारांनी फॉर्म छापला. लोकांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून नाव लिहायचं नाही, पेट्रोल पंपावर ठेवलेल्या पेटीत टाकायचा, आणि अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कोपऱ्यावरच्या टायपिंगवालीने सगळी मतं क्रमांक घालून टाइप करून द्यायची, अशी चोख व्यवस्था होती. सातवा प्रश्न त्यांनी तीन रात्री घासूनपुसून तयार केला होता. ‘काटा जास्त पळतो असे आपणास वाटते काय? (१) होय (२) होय, पण थोडा (३) नक्की सांगता येत नाही.’ ‘नाही’ हा पर्याय त्यांनी ठेवलाच नव्हता. तशी गरज त्यांना वाटली नव्हती.

आता गुरुवारची दुपार होती आणि एकाही मालकाचा काटा पळत नव्हता. ‘नक्की सांगता येत नाही’ यावर सगळ्यांनी खुणा केल्या होत्या, त्याही बिचकत बिचकत, साहेबांना वाईट वाटू नये अशा बेताने. मोजणीदार एकेक पान उलटत होते. परवा सगळ्या गावासमोर एक पोरगेला इंजिनिअर यंत्र लावणार आणि त्यांना सांगणार, की तुमचा आकडा चुकला.

हे वाक्य त्यांनी जन्मात एकदाच ऐकलं होतं. लेकीच्या तोंडून.

लेकही त्यांच्याच खात्यात मोजणीला लागली होती. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी आखून दिलेली एक हद्द वादात सापडली आणि फेरमोजणी तिच्याकडे आली. भिंत चाळीस सेंटिमीटर चुकीच्या बाजूला होती. अहवाल देण्याआधी ती घरी आली, बुटांची धूळ न झटकता समोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाबा, तुमचा आकडा चुकलाय.’ त्यांनी तिला पुन्हा मोजायला सांगितलं. तिने मोजलं, फरक राहिला, आणि तिने सही केली. त्या दिवसापासून मोजणीदार तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तिने बदली मागून घेतली, नवऱ्याला घेऊन शेजारच्या गावी गेली. तीन वर्षं झाली होती. घरात तिचा विषय कुणी काढला की मोजणीदार शांतपणे उठून बाहेर जात. ते कधी चिडून बोलत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायचीही सोय नव्हती.

एकेचाळिसावं मत संपलं. पहिल्या मालकापासून शेवटच्यापर्यंत गावात सगळे ‘नक्की सांगता येत नाही’वालेच राहतात की काय, असं मनाशी म्हणत त्यांनी गठ्ठा जुळवला, आणि खाली आणखी एक पान दिसलं. बेचाळीस.

गाड्या एकेचाळीस आणि मतं बेचाळीस. त्यांच्या कपाळाला आठी पडली. फाजील कागद हा प्रकार त्यांना तसाही सहन होत नसे. त्यांनी पान उजेडाकडे धरलं.

‘गाडी माझ्या नावावर नाही, पण चालवते मी, म्हणून लिहिते आहे,’ अशी सुरुवात होती. असेल कुणाची बायको, मोजणीदारांनी मनाशी म्हटलं. ‘क्लच पहिले सहा महिने जड वाटला, आता पायाला कळतो. चढावर वेळेत दुसरा गिअर टाकला तर गाडी कुरकुर करत नाही. सीट सरकवायची दांडी घट्ट आहे. मी निघताना सीट सात खाचा पुढे घेते आणि घरी आले की मोजून सात खाचा मागे करते. आरसाही होता तसा लावून ठेवते.’

मोजणीदारांना बरं वाटलं. बेचाळीस माणसांत एक तरी माणूस खाचा मोजणारं निघालं होतं. त्यांनी समासात ‘उत्तम’ असं लिहिलं आणि हे मत शनिवारी सभेत मोठ्याने वाचायचं ठरवून टाकलं. थंड चहा एका घोटात संपवून त्यांनी सातव्या प्रश्नाचं उत्तर शोधलं.

‘तिन्हीपैकी एकही नाही. काटा बरोबर आहे. माझ्या घरापासून तिच्या दारापर्यंत एकोणतीस किलोमीटर, तिच्या दारापासून बागेपर्यंत दोन. जाऊन येऊन बासष्ट, दर बुधवारी. रस्त्यावरच्या दगडांशी ताडून पाहिलं आहे. काटा कधी चुकला नाही.’

ते ‘उत्तम’ खोडावं का, असा विचार करत असताना त्यांची पेन्सिल मध्येच थांबली. बासष्ट. त्यांनी वही ओढून घेतली. एकशे साठमधून अठ्ठ्याण्णव गेले बासष्ट. मागचा आठवडा बासष्ट, त्यामागचा बासष्ट, त्यामागचा एकसष्ट, मग पुन्हा बासष्ट. योगायोग असू शकतो, त्यांनी स्वतःला समजावलं. सदतीस वर्षांत त्यांनी याहून मोठे योगायोग पाहिले होते, फक्त या क्षणी एकही आठवत नव्हता.

पुढची ओळ होती, ‘मध्ये पाय मुरगळला तेव्हा दोन बुधवार जाता आलं नाही, एवढाच खाडा.’

मोजणीदारांनी वहीची पानं उलटली. दोन आठवडे असे होते की फरक शून्य होता. पुढे त्यांच्याच अक्षरात टीप होती, ‘थंडीमुळे काटा मंदावला असावा.’ त्या दोन आठवड्यांत घरात काय चाललं होतं ते त्यांना लख्ख आठवलं. बायको पायाला पट्टी बांधून खुर्चीत बसली होती आणि तेल कुठल्या बाटलीत असतं हे त्यांना तिला विचारावं लागलं होतं.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. मोजणीदार तिकडे बघू शकले नाहीत.

त्यांच्या बायकोला गाडी चालवता येत नव्हती. ही गोष्ट त्यांना स्वतःच्या जन्मतारखेइतकी पक्की ठाऊक होती, कारण शिकवायला तेच बसले होते. गाडी नवी होती तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या दिवशी तिने हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि भर रस्त्यात उतरून चालायला लागली. त्यानंतर पुन्हा तो विषय निघाला नाही. ही बाब आपल्याकडून संपली, असं ते धरून चालले होते.

कागदावर तेही होतं. ‘मला आधी घरीच शिकवत होते. सूचना इतक्या होत्या की मी उतरून चालत घरी आले. मग बुधवारी क्लासला गेले. शिकवणाऱ्या बाई कमी बोलायच्या, म्हणून आलं.’

आता योगायोगाला जागा उरली नव्हती. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते मोजणीदारांनी पुष्कळदा ऐकलं होतं, आणि जमीन सरकत नसते, नकाशा चुकतो, असं ते विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत. या वेळी त्यांना टेबलाची कड घट्ट धरावी लागली. दीड वर्ष, दर बुधवारी, त्यांची बायको त्यांची गाडी घेऊन बासष्ट किलोमीटर जाऊन येत होती. सीट मोजून मागे करत होती. रविवारी ते गाडी धूत होते, काटा टिपत होते, कंपनीला पत्रं लिहीत होते, आणि ती बाजूला उभी राहून पाण्याची नळी धरत होती.

शेवटचा प्रश्न मागच्या सीटविषयी होता. तो त्यांनी फॉर्म भरगच्च दिसावा म्हणून घातला होता, उत्तरात त्यांना काडीचा रस नव्हता. बहुतेकांनी ‘ठीक’ लिहिलं होतं.

‘मागच्या सीटवर बाळाची खुर्ची बसते, पण बेल्ट ताठ आहे, जोर लावावा लागतो. नातीचे पाय आता पुढच्या सीटला लागायला लागलेत. चौदा महिन्यांची आहे. गाडी चालू असली की शांत असते, सिग्नलला थांबली की रडते. त्यामुळे सिग्नल टाळून बाहेरच्या रस्त्याने जाते. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. घरात एकच गाडी असताना मला जिथे जायचं होतं तिथे तिने मला नेलं.’

मोजणीदारांनी ते पुन्हा वाचलं. मग त्यातला एकच शब्द वाचला. नात.

मागच्या वर्षी थोरल्या भावाने दारातच त्यांचा हात हातात घेऊन ‘अरे, तुझ्या लेकीला...’ अशी सुरुवात केली होती आणि मोजणीदार सवयीप्रमाणे वळून निघून गेले होते. भाऊ मागून आणखी काहीतरी बोलत होता. त्यांनी पाऊल जलद टाकलं होतं. चौदा महिने झाले होते, आणि ज्या जगात सगळी अंतरं आपल्याला पाठ आहेत असं त्यांना वाटत होतं त्या जगात एकोणतीस किलोमीटरवर त्यांची नात होती.

ते उठले, चप्पल न घालता अंगणात गेले आणि गाडीचं मागचं दार उघडलं. गाडी घेतल्यापासून ते मागे कधी बसले नव्हते. धुताना काचा बाहेरून पुसायचे. आतून कशाला पुसायच्या, आत कुणी बसत नाही, असा त्यांचा हिशेब. सीटच्या कापडावर दोन ठिकाणी चपटे खळगे पडले होते. डाव्या काचेवर, आतल्या बाजूने, खालच्या कडेशी, पंजाचे ठसे होते. एकावर एक, बरेचसे पुसट, एक ताजा. कालचा बुधवार.

खिशातला छोटा टेप त्यांनी कधी काढला ते त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांनी तो ठशाला लावला. पाच सेंटिमीटर. कुठलंही माप तीनदा घ्यायचं ही त्यांची आयुष्यभराची शिस्त होती. हे त्यांनी एकदाच घेतलं आणि टेप हातात धरून सीटवर बसून राहिले.

बायको दारात आली. ओले हात पदराला पुसत तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या अनवाणी पायांकडे. ती गाडीपर्यंत आली आणि उघड्या दाराशी उभी राहिली.

“वाचलंत,” ती म्हणाली.

मोजणीदारांनी मान हलवली.

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगायला घेतलं की तुम्ही उठून जायचात. तीनदा सुरुवात केली मी. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा गाडी शिकायला गेले.” “लिहिलेलं तुम्ही शेवटपर्यंत वाचता. म्हणून लिहिलं. परवा तो इंजिनिअर चारचौघांत तुम्हाला खोटं पाडणार होता. ते मला बघवलं नसतं.”

चोरी करणारीही हीच आणि सांभाळून घेणारीही हीच. मोजणीदारांना संतापायचं होतं. एवढं होऊनही संताप येत नाही याचंच त्यांना नवल वाटत होतं. त्यांनी टेप आत घेतला, पुन्हा बाहेर ओढला.

“तिने तेव्हा तीनदा मोजलं होतं,” ते म्हणाले. तीन वर्षांत लेकीबद्दल त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं.

“चारदा,” बायको म्हणाली. “चौथ्यांदा तुमचा जुना टेप घेऊन गेली होती, कपाटातला. तिला वाटलं, तुमच्या टेपने मोजलं तर कदाचित तुमचा आकडा येईल. रात्री परत आली आणि टेप जागेवर ठेवून रडत बसली. तुम्ही झोपला होतात.”

मोजणीदार सीटवरून उठले नाहीत. बायकोही गेली नाही. थोड्या वेळाने ती गाडीला वळसा घालून आली, पलीकडचं दार उघडून त्यांच्या शेजारी बसली आणि दोघं उभ्या गाडीत समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

शनिवारच्या सभेला एकेचाळीस गाड्यांचे मालक झाडून हजर होते; काहींनी तर मुलांनाही आणलं होतं, कारण साहेब आणि इंजिनिअर यांची जुंपणार अशी सगळीकडे बोलवा होती. इंजिनिअर यंत्राची पेटी उघडू लागला तेव्हा मोजणीदार उभे राहिले आणि ती राहू द्या म्हणाले.

“काटा बरोबर आहे. माझा आकडा चुकला.”

पेट्रोल पंपवाल्याने शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं; साहेबांची तब्येत बरी आहे ना, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. इंजिनिअर बिचारा वाद घालायच्या तयारीने आला होता, तो उघड्या पेटीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. मग त्याने अदबीने विचारलं की मग ते जादाचे किलोमीटर आले कुठून.

“माझी बायको गाडी चालवते,” मोजणीदार म्हणाले, आणि आता गावाला धक्का बसणार म्हणून त्यांनी मन घट्ट केलं.

धक्का कुणालाच बसला नाही. लोकांनी माना खाली घातल्या. कुणी खुर्ची सरकवली, कुणी घसा साफ केला. शेवटी बेकरीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, “हो ना, बुधवारी सव्वाआठला जातात. नातीसाठी पाव नेतात माझ्याकडून.” प्लंबर म्हणाला, ताई चढावर गाडी फार छान काढतात. टायपिंगवाली पंख्याकडे बघत होती.

मोजणीदारांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. गल्लोगल्ली फिरून एकेचाळीस गाड्या मोजल्या होत्या त्यांनी, आणि त्या एकेचाळीस घरांना त्यांची नात माहीत होती. सगळ्यांनी ‘नक्की सांगता येत नाही’वर खूण केली होती. आत्ता कुठे त्यांना कळलं की ती उत्तरं काट्याबद्दल नव्हतीच. ते खाली बसले. कुणीतरी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि डिकीच्या कुलपाचा विषय काढून सभा पुढे नेली.

बुधवारी सकाळी त्यांनी संस्थेला फोन करून येत नसल्याचं कळवलं. सोळा वर्षांतली ही त्यांची पहिली रजा. बायकोने सीट पुढे घेतली, कुणापासून न लपवता, खाचांचा खडखड आवाज करत. मोजणीदार तिच्या शेजारी बसले. पहिल्या वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, नसलेल्या ब्रेकवर. दुसऱ्या वळणावरही. तोंडाशी आलेल्या सूचना मात्र त्यांनी गिळल्या, आणि गाव मागे पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गिळण्याजोगी सूचनाही बराच वेळ सुचलेली नाही. बायको बाहेरच्या रस्त्याने, सिग्नल टाळून, एका लयीत गाडी नेत होती.

एकोणतीस किलोमीटर त्यांनी एक वाक्य तयार केलं. ‘तू बरोबर मोजलं होतंस आणि मी बरोबर वागलो नाही.’ त्यातला ‘आणि’ राहू द्यावा की काढावा यावर त्यांचं बराच वेळ ठरेना. पोचेपर्यंत वाक्य पाठ झालं होतं.

लेक दारातच होती. बुधवारी तिची लांबची मोजणी असे आणि पाळणाघर बंद, म्हणून तर आजी यायची. एका खांद्याला पिशवी, एका हातात मोजणीच्या यंत्राची तिपाई, कडेवर पोरगी. नजर रस्त्याकडे, कारण उशीर झाला होता. मोजणीदार गाडीतून उतरले. लेकीने त्यांना पाहिलं आणि ती पायरीवरच थांबली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिने आईकडे पाहिलं. आई गाडीचं दार लावण्यात गुंतली होती, ते एवढं काही अवघड नव्हतं.

मोजणीदार दोन पावलं पुढे गेले.

“तू बरोबर मोजलं...”

“बाबा,” लेक म्हणाली. “ते संध्याकाळी. आधी हिला धरा. माझी बस जाईल.”

आणि त्यांना हो-नाही म्हणायला वेळ न देता तिने पोरीला त्यांच्या हातात दिलं. एकदा मागे वळून पाहिलं, तिपाई सावरली, आणि ती अर्धवट पळतच कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

मुलगी रडली नाही. तिने या नव्या माणसाच्या चष्म्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि एक हात त्यावर ठेवला. मोजणीदार होते तिथेच, होते तसेच उभे होते, दोन्ही हात कोपरात वाकवलेले, श्वास अर्धा घेतलेला. ती अपेक्षेपेक्षा जड होती. कुठे किती जोर द्यायचा, पाठीला हात हवा की मानेला, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“असंच धरायचं ना?” त्यांनी बायकोला विचारलं.